हजार हात सूत

नॉर्वेच्या समुद्रात हजार हात सूत सोडायचं, ते तळाला टेकवायचं आणि तळाची माती घेऊन नागपूरला परत यायचं, एवढ्या एका कामासाठी मधुकरराव गोतमारे बर्गेनला आले होते. सरकारी कागदावर अर्थात निराळंच लिहिलं होतं. तिथे 'शिक्षकांची सदिच्छा भेट, जुलै १९७७' असा भारदस्त मजकूर होता. पण कागदाला काय कळतं!

गोष्ट सुरू झाली ती नागपूरच्या पाचपावलीतल्या कामगारांच्या संध्याशाळेत. मधुकरराव तिथे बावीस वर्षं भूगोल शिकवत होते. दिवसभर मागावर बसलेली माणसं संध्याकाळी पाटी घेऊन त्यांच्यासमोर बसत. त्यातला धोंडबा पराते हा पन्नाशीचा विणकर फार अवघड विद्यार्थी, कारण तो ऐकलेलं सगळं खरं मानत नसे. त्या दिवशी धडा होता फियॉर्डचा. बर्फाने डोंगर कोरून काढले, त्या दरीत समुद्र शिरला आणि म्हणून तिथे अगदी डोंगराच्या पायथ्याशी पाणी शेकडो हात खोल असतं, असं मधुकररावांनी सांगितलं.

"मास्तर," धोंडबा म्हणाला, "पहाडाच्या पायथ्याशी पाणी उथळ राह्यते. रामटेकचं तळं पाहा. तुम्ही दोर टाकून पाह्यला का?"

"अरे, मी अजून समुद्रच पाह्यला नाही."

"मंग कायवरून सांगून राहिले?"

वर्गात कोणी हसलं नाही, आणि तेच मधुकररावांना जास्त लागलं. खरंच की! बावीस वर्षं आपण पुस्तकातलं उसनं बोलत आलो. समुद्र, भरती, ओहोटी, दीपगृह, सगळं खडूने काढलं आणि फडक्याने पुसलं. त्या दिवसापासून तो प्रश्न त्यांच्या घशात माशाच्या काट्यासारखा अडकून बसला.

पुढे दीड वर्षाने शिष्टमंडळात त्यांचं नाव लागलं, तेव्हा धोंडबा एक मोठी लाकडी चक्री घेऊन घरी आला. पतंगाची असते तशीच, पण चांगली घागरीएवढी. तिच्यावर त्याने स्वतः पीळ देऊन वळलेलं हजार हात सूत होतं. दर दहा हातांवर पिवळा धागा, दर शंभरावर लाल. हात म्हणजे त्याचा स्वतःचा, कोपरापासून मधल्या बोटापर्यंत. सुताच्या टोकाला लोहाराकडून घडवून आणलेला दोन किलोचा ओळंबा, आणि ओळंब्याच्या बुडाला एक खळगी.

"या खळगीत गाडीचं वंगण भरजा," धोंडबा म्हणाला. "तळाची माती त्याले चिकटन. सूत भिजलं तरी भेऊ नका. ओलं झालं का आणखी पक्कं होते. तळ लागला तं मी मानतो. नाही लागला तं तुमचं पुस्तक खोटं."

एवढ्या साध्या बोलण्यात मधुकररावांची सगळी मास्तरकी पणाला लागली होती.

शिष्टमंडळ तिघांचं. प्रमुख होते वामनराव ठाकरे, कळमेश्वरचे, शिक्षण विस्तार अधिकारी. परदेशात देशाची अब्रू आपल्या जिभेवर आहे अशा समजुतीने ते दिल्लीला पालम विमानतळावर विमानात पाय ठेवल्यापासून छापील मराठी बोलत होते. तिसरी शामला वासनिक, मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवणारी, सत्तावीस वर्षांची. ती सक्करदऱ्याच्या तळ्याकाठी वाढली. शेजारच्यांच्या डोंग्यात बसून शिंगाडे काढायला जायची, त्यामुळे वल्हं कसं धरतात हे तिघांत तिला एकटीलाच ठाऊक होतं. शिवाय तीन भावांत वाढल्यामुळे संक्रांतीला कौलांवर चढून पतंग लुटण्यातही ती पटाईत होती.

बर्गेन शहर तिघेही पाहतच राहिले. बंदरावर लाकडी वखारींची जुनी रांग, लाल, पिवळी, पांढरी. वखारी शेकडो वर्षं एकमेकींना टेकून उभ्या आणि त्यांच्या बोळांत लाकडाचा, डांबराचा, वाळल्या माशाचा वास मुरलेला. इथून पूर्वी वाळवलेला मासा गलबतांत भरून देशोदेशी जाई, असं वाटाड्याने सांगितलं. पाठीमागे सात डोंगर शहराला कुशीत घेऊन बसलेले, आणि त्यांच्या मधून समुद्राचे फाटे आत आत शिरलेले. मधुकरराव धक्क्यावर उभे राहिले, वाकले, ओंजळीत पाणी घेऊन त्यांनी जिभेला लावलं. खारट! सत्तेचाळीस वर्षांच्या माणसाचे डोळे भरून आले, आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत. पाऊस चालूच होता, कोणाला कळणार?

सभा, सत्कार, शाळांच्या भेटी यांत सहा दिवस गेले. सातव्या दिवशी सकाळी मोकळीक होती आणि आठव्या दिवशी पहाटेची ओस्लोची गाडी. म्हणजे जे काय करायचं ते एका दिवसात. वामनरावांनी आधी नाही म्हटलं, मग आपणही सोबत येणार असलो तरच, असं म्हटलं. शहराच्या उत्तरेला बसने तासाभरावर एका अरुंद फियॉर्डच्या काठी ओलाव नावाचा म्हातारा मासेमार राहत होता. बर्गेनच्या एका शाळेतल्या शिक्षकाने त्याच्या नावे चिठ्ठी दिली होती. त्या चिठ्ठीवर त्याने आपली छोटी नाव द्यायचं कबूल केलं.

सकाळी आठ वाजता तिघे त्याच्या अंगणात उभे राहिले. ओलावला इंग्रजी चार शब्दांपुरतंच येत होतं, त्यामुळे त्याने हातवाऱ्यांनीच सगळं समजावलं. नावेतला लोखंडी नांगर दाखवला. लांब दोर दाखवला आणि बोट वर वर नेत "हाय! हाय!" म्हणाला. मग आधी गुडघ्याला हात लावला, मग कंबरेला, मग पुन्हा गुडघ्याला आणि पुन्हा कंबरेला.

"काय म्हणतात ते?" वामनरावांनी विचारलं.

"काठाला पाणी गुडघ्याएवढं आहे, पुढे कंबरेएवढं," मधुकरराव म्हणाले. "सावकाश चढा म्हणतात."

ओलावने समाधानाने मान डोलावली. याही तिघांनी डोलावली. जगात निम्मे घोटाळे असे माना डोलावूनच होतात.

शामलाने वल्ही मारायला सुरुवात केली. दोन्ही बाजूंना काळे उभे कडे, त्यांच्यावरून पांढऱ्या दोऱ्यांसारखे धबधबे उतरलेले. मधे शिसवी रंगाचं पाणी. त्यात एक सपाट काळा खडक पाण्यावर जेमतेम दीड हात डोकं काढून होता. त्याच्या थोडं पुढे मधुकररावांनी नाव थांबवायला सांगितलं, खळगीत वंगण भरलं आणि ओळंबा सोडला.

चक्री गरगर फिरली. शंभर! दोनशे! मधुकररावांच्या बोटांतून लाल धागे एकामागून एक सटकत गेले. चारशेला वारा आला. आधी नुसती झुळूक, मग दरीतून घोंघावत येणारा झोत. नाव तिरकी सरकू लागली आणि सूतही तिरकं झालं. शामलाने वल्ह्यांवर जीव काढला, पण नाव काही जागची राहीना. सहाशे, आठशे, नऊशे! चक्रीचं लाकूड दिसायला लागलं. हजार हात सूत पाण्यात गेलं आणि तळ काही लागला नाही.

"झालं समाधान?" वामनराव म्हणाले. "आता आपण परत फिरूया."

"सर, तळ नाही म्हणून असं नाही झालं," शामला धापा टाकत म्हणाली. "डोंगा वाहून राहिला नं, म्हणून सूत तिरपं चाललं. वारा पडू द्या. तोवर त्या खडकावर थांबू. माझे हात भरून आले."

हजार हात भिजलेलं सूत ओढून गुंडाळता गुंडाळता मधुकररावांच्या तळव्यांची सालं निघाली. मग तिघे त्या खडकाशी गेले. एका बाजूला गोट्यांचा लहानसा उतार होता. त्यावर त्यांनी नावेचं नाक ओढून टेकवलं, सक्करदऱ्याच्या काठाला डोंगा टेकवतात तसं. डोंगा तिथे दिवसभर टेकलेला राहतो, कोणी बांधतसुद्धा नाही. नांगर नावेतच राहिला. वामनरावांना टापटीप फार, त्यांनी तो लांब दोरही नीट वेटोळं करून आत ठेवला, भिजू नये म्हणून!

खडकाच्या पलीकडच्या अंगाला वारा लागत नव्हता. तिथे बसून शामलाने डबा उघडला. नॉर्वेचे पापडासारखे कोरडे रोट आणि भिवापुरी मिरचीचा ठेचा. एका घासात वामनरावांच्या डोळ्यांना धार लागली आणि त्यांची छापील भाषा पहिल्यांदा जरा सैल झाली. अर्धा तास छान गेला. शामलाने त्यांना चिडवलं, कारण आदल्या दिवशी दिव्याची अवस होती आणि हॉटेलात दिवा नाही म्हणून वामनरावांनी आपली टॉर्च धुऊन पुसून टेबलावर ठेवून तिला हळदकुंकू वाहिलं होतं.

"हसा, हसा," वामनराव म्हणाले. "प्रकाश तो प्रकाशच. आणि बूट काहून ओला..." ते थांबले. त्यांनी पायाकडे पाहिलं. मघाशी कोरड्या असलेल्या दगडावर आता पाणी होतं.

मधुकरराव उठून पलीकडे धावले. गोट्यांचा उतार नाहीसा झाला होता. आणि नाव? नाव वीस-पंचवीस हातांवर डुलत होती, वल्ही, नांगर आणि नीट वेटोळं केलेला दोर पोटात घेऊन!

"भरती!" मधुकरराव ओरडले.

गुडघा आणि कंबर. कंबर आणि गुडघा. पाणी चढतं, उतरतं, पुन्हा चढतं. आणि 'हाय' म्हणजे उंच, नांगर लांब दोराने उंच जागी अडकवा! म्हातारा बिचारा किती स्पष्ट सांगत होता! आणि त्याचं ऐकणारा कोण, तर बावीस वर्षं फळ्यावर चंद्र, पृथ्वी आणि पाण्याचा फुगवटा काढणारा भूगोलाचा मास्तर. शरमेने त्यांचे कान तापले. पण शरमेला तेव्हा सवड नव्हती. त्यांनी खडकाच्या माथ्यावर हात फिरवला. बुळबुळीत! माथ्यावरसुद्धा शेवाळ होतं, आणि शेवाळात बारीक शिंपले चिकटले होते.

"शामलाबाई," ते सावकाश म्हणाले, "काल अवस झाली. अवसेनंतर उधाणाची भरती येते, सगळ्यात मोठी. हा खडक बुडणार आहे."

"किती वेळ हाय?"

"तास, दीड तास. पुढे पाणी कंबरेपर्यंत येईल आणि हे पाणी इतकं थंड आहे की उभं राहवणार नाही."

वामनरावांची छापील मराठी त्या क्षणी संपली. "मधुकरराव, डोंगा चालला नं गा!" ते म्हणाले. "मले पोहता येत नाही. तुमाले येते का? अन् या बाईच्या मायबापाले मी काय सांगू?"

पोहता तिघांनाही येत नव्हतं. काठ लांब होता, ओलावचं घर वळणाआड. हाका मारल्या तर कड्यांवरून आपलेच आवाज परत येत. नाव आता तीस हातांवर गेली होती. आत शिरणारं पाणी तिला एकीकडे नेत होतं आणि वाऱ्याचा झोत दुसरीकडे लोटत होता, म्हणून ती अजून तिथल्या तिथे घुटमळत होती. पण किती वेळ?

शामलाची नजर चक्रीवर गेली.

"सर, लंगर टाकू," ती म्हणाली.

"अगं, नांगर नावेत आहे!"

"नांगर नाही वं बाई... सर, लंगर! पतंग लुटाचा लंगर!"

नागपूरच्या कोणत्याही गल्लीत हे सांगावं लागत नाही. कटलेला पतंग विजेच्या तारेच्या पलीकडून चालला की सुताला दगड बांधायचा, गरगर फिरवून फेकायचा आणि पतंगाच्या मांज्याला लपेटून खाली ओढायचा. तो लंगर. शामलाने लहानपणी असे किती पतंग उतरवले याला गणती नव्हती. आता दगडाऐवजी दोन किलोचा ओळंबा होता आणि पतंगाऐवजी नाव.

तिने सुताचे तीस-चाळीस हात खडकावर मोकळे पसरले. मधुकररावांनी चक्री धरली. शामलाने पदर खोचला, पाय रोवले, ओळंबा डोक्याभोवती फिरवला. एक, दोन, तीन, आणि सोडला! ओळंबा नावेच्या अलीकडे चार हातांवर पाण्यात बुडाला.

ओढला, पुन्हा फिरवला. या वेळी तो नावेत पडला! शामलाने हळूच ओढलं. ओळंबा नावेच्या लाकडावर खडखडला, काठावर चढला आणि पलटी खाऊन पाण्यात पडला. काही धरायलाच नाही!

पाणी खडकाच्या माथ्यावरून वाहू लागलं होतं. बुटांत बर्फासारखी कळ उठली. नाव चाळीस हातांवर गेली.

"आता हे शेवटचं," शामला म्हणाली. "पुढं माझा हात नाही पुरणार."

तिने डोळे मिटले, उघडले. ओळंबा फिरला, फिरला, घुमू लागला. सुटला! उंच गेला, नावेच्या वरून पलीकडे गेला आणि सूत नावेवर आडवं पडलं. शामलाने झटका दिला. ओळंबा पाण्यातून उसळला, वल्ह्याच्या खुंटीला एक वेढा घेऊन बसला. लपेटला!

"ओढा!" वामनराव किंचाळले.

मधुकररावांनी ओढलं. नाव वळली, पाच हात आली. आणि नेमका तेव्हाच वाऱ्याचा झोत आला. सूत ताठ झालं, कुईकुई वाजायला लागलं. खडकाच्या धारेवर ते घासत होतं. मधुकररावांनी दात-ओठ खाऊन धरून ठेवलं.

"ढील द्या, सर! ढील!"

"अगं, नाव जाईल!"

"धराल तं कटेल! ढील द्या!"

आयुष्यात मधुकररावांनी कधी पतंग उडवला नव्हता. पण त्यांनी ऐकलं. चक्री सोडली. सूत सरसर गेलं, दहा हात, वीस हात, नाव लांब लांब गेली. झोत ओसरला. "आता घ्या!" त्यांनी घेतलं. पुन्हा झोत, पुन्हा ढील. पुन्हा उसंत, पुन्हा ओढ. तळव्यांतून रक्त येऊन सुतावर नवे लाल धागे उमटले, पण धोंडबाचं सूत तुटलं नाही! भिजून ते खरंच आणखी पक्कं झालं होतं. वीस हात राहिले. दहा राहिले. आणि पाणी गुडघ्याला लागलेलं असताना वामनराव ठाकरे, शिक्षण विस्तार अधिकारी, ज्यांना ओल्या दोराचीही किळस होती, ते सुटाबुटासकट खडकाच्या उतरणीवर कंबरभर पाण्यात उतरले आणि त्यांनी दोन्ही हातांनी नावेचं नाक कवटाळलं.

"माह्या हातून सुटत नाही आता हे," ते म्हणाले. "चढा लवकर."

तिघे नावेत पडले. पडले म्हणजे खरोखरच पडले, एकमेकांवर. मग शामला हसायला लागली, आणि तिचं पाहून बाकीचे दोघेही थंडीने दात वाजवत हसले. भीती उतरली की माणसाला दुसरं काय सुचतं?

वामनरावांनी थरथरत ती पूजा केलेली टॉर्च खिशातून काढली. पाणी जाऊन ती बंद पडली होती. त्यांनी ती पुसून पुन्हा खिशात ठेवली. "तिनंच सांगतलं आज अवस हाय म्हणून," ते म्हणाले, आणि कालची अवस आज कशी झाली हे त्यांना कोणी विचारलं नाही.

शामलाने वल्ही हातात घेतली आणि ती थांबली. वारा पडला होता. पाणीही थांबलं होतं. भरती भरून आली, आणि उतरायला लागण्याआधी समुद्र घटकाभर श्वास रोखतो, तशी ती वेळ. फियॉर्ड आरशासारखा सपाट झाला होता. मघाचा खडक कुठे होता हेही आता ओळखू येत नव्हतं.

मधुकररावांनी पाण्याकडे पाहिलं, मग सुताकडे. ओळंब्यापासून तीस हातांवर, जिथे ते खडकाच्या धारेवर घासलं होतं, तिथे पीळ उसवून निम्मे धागे लोंबत होते. इथून ओळंबा सोडला आणि सूत तुटलं, तर सगळंच तळाशी. आणि वामनरावांना कोणत्या तोंडाने विचारायचं? माणूस कंबरेपर्यंत भिजून कुडकुडत होता.

"चला परत," मधुकरराव म्हणाले. "जीव वाचला, पुष्कळ झालं. धोंडबाला सांगीन, नाही जमलं."

"काहून?" वामनराव म्हणाले.

"अहो, तुम्ही..."

"मी ओला झालो तो झालो. आता आणखी काय ओला होणार हाओ? टाका ते सूत. इतकी फजिती करून तळ न पाहता गेलो तं मलेच झोप लागणार नाही."

शामलाने उसवलेल्या जागेशी सुताचा फास घेतला, खराब भाग मधे धरून पतंगाची गाठ मारली आणि दातांनी आवळली. खळगीत नवं वंगण भरलं. मधुकररावांनी ओळंबा पाण्यावर धरला आणि सोडला.

या वेळी सूत सरळ गेलं, विहिरीत पोहरा जावा तसं. शंभर. दोनशे. तिघेही मोठ्याने मोजत होते. चारशे. पाचशे. सहाशे. सातशे! पिवळा धागा, पिवळा, पिवळा. सातशे साठ. आणि सूत सैल पडलं.

त्यांनी थोडं उचललं. जड. खाली सोडलं. हलकं. पुन्हा उचललं. पुन्हा सोडलं. खाली, त्या काळ्या कड्यांच्या पायथ्याच्याही खाली, जिथे उन्हाचा कवडसा कधी गेला नव्हता, तिथे नागपूरचा ओळंबा जमिनीवर टकटक करत होता!

"सातशे चौसष्ट हात," मधुकरराव म्हणाले. "लागला. धोंडबा, लागला गा!"

वर ओढायला तिघांचेही हात लागले. एवढ्यात वळणावरून दुसरी नाव आली. ओलाव उभ्याने वल्ही मारत, नॉर्वेच्या भाषेत तिघांचा उद्धार करत येत होता. जवळ येताच त्याने गुडघ्याला हात लावला, मग कंबरेला, मग तो हात सरळ डोक्यावर नेला. आता त्याचं सगळं कळलं. वामनरावांनी उभं राहून आपल्या कंबरेपर्यंत भिजलेल्या पाटलोणीकडे बोट दाखवलं, आणि म्हातारा रागावायचं विसरला.

ओळंबा वर आला. खळगीतल्या वंगणाला निळसर करड्या चिखलाचा गोळा चिकटला होता, मऊ, गार. मधुकररावांनी तो त्यासाठीच घरून आणलेल्या कुंकवाच्या रिकाम्या डबीत भरला. ओलावच्या घरी चुलीपाशी बसून कॉफी पिताना म्हाताऱ्याने भिंतीवरचा समुद्राचा नकाशा काढून टेबलावर पसरला. खडकाच्या शेजारी त्याने जाड बोट ठेवलं. तिथे बारीक अक्षरांत आकडा छापला होता, तीनशे बेचाळीस मीटर. मधुकररावांनी तो आकडा वहीत उतरवून घेतला आणि नंतर बराच वेळ ते नुसते हसत बसले.

नागपूरला आल्यावर पहिल्याच संध्याकाळी पाचपावलीची शाळा गच्च भरली. मधुकररावांनी डबी धोंडबासमोर ठेवली. पण धोंडबाने आधी डबी उघडलीच नाही. त्याने चक्री मांडीवर घेतली आणि सूत बोटांतून सोडायला सुरुवात केली. सगळा वर्ग वाट पाहत राहिला. तीस हातांवर त्याचं बोट थांबलं.

"हे गाठ माही नाही."

"शामलाबाईंची आहे," मधुकरराव म्हणाले, आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. गुडघा आणि कंबर सांगितलं. न बांधलेली नाव सांगितली. बावीस वर्षं शिकवलेली भरती आपण कशी विसरलो, तेही काही न लपवता सांगितलं. या वेळी वर्ग हसला, आणि त्यांना बरं वाटलं.

धोंडबा हसला नाही. तो गाठीवर बोट फिरवत होता. "या गाठीत दोन हात सूत गेलं," तो म्हणाला. "मंग सातशे चौसष्ट नाही मास्तर. सातशे बासष्ट."

मधुकररावांनी फळ्यावर हिशेब केला. तीनशे बेचाळीस मीटरला सातशे बासष्टने भागलं. मग ते खाली आले, फूटपट्टी घेतली, धोंडबाचा हात टेबलावर ठेवून कोपरापासून मधल्या बोटापर्यंत मोजला. पंचेचाळीस सेंटिमीटरला केसभर कमी. बरोब्बर! नॉर्वेच्या नकाशात आणि पाचपावलीच्या विणकरात केसाचासुद्धा फरक नव्हता.

तेव्हा कुठे धोंडबाने डबी उघडली. चिमूटभर माती बोटांवर चोळली, हुंगली, जिभेच्या टोकाला लावली.

"खारी हाय," तो म्हणाला. "मानलं मास्तर. पुस्तक खरं हाय." आणि जरा थांबून, "पर ते पाणी चढते काहून?"

मधुकररावांनी खडू उचलला. चंद्र काढला, पृथ्वी काढली, पाण्याचा फुगवटा काढला. हेच चित्र त्यांनी शेकडो वेळा काढलं होतं, पण आज फुगवटा काढताना बुटांतली ती थंड कळ त्यांना पुन्हा जाणवली. चंद्र पाण्याला ओढतो, ते म्हणाले.

"चंद्र वढते? इतक्या दुरून?" धोंडबाने डोळे बारीक केले. "किती हात दूर हाय तो?"

आधीचे मधुकरराव असते तर त्यांनी किलोमीटर सांगून धडा पुढे नेला असता. त्यांनी फळा पुसला आणि धोंडबाच्या हाताने चंद्र मोजायला घेतला. हिशेब बराच वेळ चालला. शेवटी त्यांनी आकडा लिहून खाली रेघ मारली: पंच्याऐंशी कोटी पासष्ट लाख हात.

धोंडबाने आकडा दोनदा वाचला. मग त्याने चक्री बगलेत मारली आणि चपला शोधायला लागला.

"कुठं निघाला धोंडबा? तास संपायचा आहे."

"जातो मास्तर," धोंडबा म्हणाला. "इतकं सूत वळाचं तं आजपासूनच बसावं लागन."